शेतावरून थेट भाजीचा वाटा: मराठवाड्यात नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर या शहरांच्या आसपास काही शेतकरी आता ठरलेल्या घरांसाठी भाजी पिकवतात. घरानं महिन्याचे किंवा हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि शेतकऱ्यानं दर आठवड्याला जे निघेल त्यातला वाटा पोचवायचा, असा हा साधा व्यवहार. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या घरांनी शेतकऱ्यांशी असं नातं जोडलं. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत अशी पहिली शेतं उभी राहिली. तिकडं पाऊस बारमाही आणि हिवाळ्यात बर्फ. आपल्याकडं चार महिन्यांत पडेल तेवढ्यावर वर्ष काढायचं असतं, त्यामुळं तिकडचे नियम जसेच्या तसे इथं चालत नाहीत.

दुधाचा रतीब लावतो तसं हे नाही. रतिबाचं माप ठरलेलं असतं; इथं ते आभाळ आणि विहीर ठरवतात. हे ज्यांना मनापासून पटतं त्यांनीच वाटा घ्यावा. बाकीच्यांनी आठवडी बाजारातून निवडून आणावं, त्यात काहीच वावगं नाही.

आधी आपलं स्वयंपाकघर

दोन आठवडे घरात कोणती भाजी किती झाली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक घरांत बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर, भेंडी हेच फिरून फिरून येतं. वाट्यात मात्र चुका येईल, अंबाडी येईल, शेपू, तांदुळजा, करडई, हरभऱ्याचा पाला, गिलके, दोडके येतील. मुलं शेपूचा वासही सहन करत नसतील तर ते आधीच धरून चाला. बटाटा इकडच्या शेतांतून क्वचितच मिळतो. तो आणि बऱ्याचदा कांदाही बाजारातूनच आणावा लागतो.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. निवडणार कोण? मेथीच्या दोन जुड्या, पालकाची एक, कोथिंबीर, वालाच्या शेंगा आणि गवार एकाच दिवशी घरात आली की दीड-दोन तासांचं काम समोर असतं. वाटा घ्यायचा निर्णय एकानं घ्यायचा आणि निवडणं घरातल्या बाईच्या अंगावर पडायचं, असं अनेक घरांत होतं. तिसऱ्या महिन्यात वाटा बंद करण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. घरातल्या सगळ्यांना बसवून आधीच विचारा, आणि वाट्याच्या भाजीची पेटी येण्याचा वार असा ठरवा की त्या संध्याकाळी किमान दोघं तरी घरी असतील.

चार माणसांच्या घरानंही सुरुवात अर्ध्या वाट्यानं करावी, असं माझं मत आहे. कमी पडलं तर कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशी आहेतच. जास्त झालं तर ते नासतं, आणि पैसे मोजून आणलेली भाजी टाकताना जीव तुटतो.

शेतकरी शोधताना

आठवडी बाजारात जो माणूस स्वतःच्या शेतातली चार-पाच प्रकारची भाजी घेऊन बसतो, त्याच्याशी आधी बोला. फक्त टोमॅटो किंवा फक्त कोबी घेऊन येणाऱ्याकडं वाटा चालत नाही, त्याचं गणित वेगळं असतं. कृषी विज्ञान केंद्र, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शेतकरी मेळावे, तालुक्यातले महिला बचत गट, या ठिकाणीही माणसं भेटतात. कायद्याची भीती बाळगू नका. २०१६ साली महाराष्ट्रानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळं शेतकऱ्यानं थेट तुम्हाला भाजी विकण्यात काही अडचण नाही.

शेतावर जा, आणि भावाच्या आधी पाणी विचारा

मराठवाड्यात वाटा घेणाऱ्यानं ही एक पायरी चुकवू नये. बाकी सगळं जमवता येतं, पाणी जमवता येत नाही.

शेत बघायला लोक डिसेंबरात जातात. तेव्हा विहीर काठोकाठ असते, वाफे हिरवेगार असतात, आणि पैसे देऊन मोकळे होतात. डिसेंबरातली विहीर बघून मे महिन्याचा अंदाज येत नाही. म्हणून विहिरीच्या काठावर उभं राहून सरळ विचारायचं:

"मामा, मे महिन्यात मोटर किती चालते?"

"सकाळी घंटाभर चालती. मंग इहीर भरायची वाट बघावी लागती."

असं खरं उत्तर देणारा माणूस धरून ठेवावा. "पाण्याचं काही टेन्शन नाही" असं म्हणणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा. विहीर की बोअर? बोअर किती फुटांचा, आणि मागच्या उन्हाळ्यात तो आटला होता का? शेततळं आहे का, त्याला प्लास्टिकचं अस्तर आहे का? ठिबक किती जमिनीवर आहे? शेतीची वीज पाळीनं येते. रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात पाणी कोण देतं? शेजारी ऊस आहे का? जमिनीखालच्या त्याच पाण्यावर आजूबाजूला ऊस उभा असेल तर मार्चपासून भाजीच्या विहिरीवर ताण येतो.

काही शेतकरी आधीच सांगतात की एप्रिल-मे दोन महिने वाटा बंद. नवखी माणसं हे ऐकून नाराज होतात. मला हेच शेतकरी सगळ्यात भरवशाचे वाटतात. आपल्या पाण्यात काय बसतं याचा हिशेब त्यांनी केलेला असतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. तशा वर्षी कोणाच्या शेतावर भाजी होणार? पाणी माणसांना, मग जनावरांना, आणि त्यानंतर भाजीला, हा क्रम आपणही मानायचा असतो.

पाण्याचा आणखी एक प्रश्न शहराला लागून असलेल्या शेतांसाठी. पाणी विहिरीचं आहे की नाल्याचं? सांडपाण्याच्या नाल्यावर मोटर टाकून पिकवलेली पालेभाजी दिसायला तजेलदार असते. ती कच्ची खाणं धोक्याचं आहे, आणि वाट्यासाठी तर ती घेऊच नये. मोटरीचा पाइप कुठं उतरलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मग जमीन. भाजीखाली किती गुंठे आहेत आणि किती घरांना वाटा दिला जातो, हे दोन्ही आकडे विचारा. दर महिन्याला घरं वाढत असतील आणि गुंठे तेवढेच असतील तर तुमची पेटी हलकी होत जाणार.

फवारणीबद्दल काय विचारायचं

'विषमुक्त' असं पेटीवर छापणं सोपं आहे. त्यापेक्षा "शेवटची फवारणी कशाची केली आणि कधी?" हा प्रश्न कामाचा. कीटकनाशकाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते लिहिलेलं असतं. वांग्याला शेंडे-फळ पोखरणारी अळी आणि कोबी-फ्लॉवरला येणाऱ्या अळ्या यांच्यापायी बाजाराच्या भाजीवर फवारणी जास्त होते. वाट्याचा शेतकरी या दोन पिकांवर काय करतो ते ऐका. निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क), कामगंध सापळे (वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे), कीड लागलेले शेंडे खुडून टाकणं, असं काही तपशिलात सांगत असेल तर तो माणूस खरंच रोज वाफ्यात वाकतो, हे कळतं.

सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र हवंच असेल तर पीजीएस-इंडिया ही पद्धत छोट्या शेतकऱ्यांना परवडते. त्यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. सेंद्रियकडं वळण्याच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' आणि पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक' असा शिक्का मिळतो. प्रमाणपत्र नसलेले प्रामाणिक शेतकरी पुष्कळ आहेत. तिथं तुमचं जाणं-येणं हाच दाखला. बांधाला लागून दुसऱ्याचा कापूस असेल तर त्याच्या फवारणीचे थेंब वाऱ्यानं इकडं येतात. त्याचा दोष आपल्या शेतकऱ्याला देऊ नये, पण त्या बाजूला तुरीच्या किंवा मक्याच्या दाट ओळी लावल्या आहेत का ते बघावं.

बोली पक्की करा

तोंडी ठरलेलं मोबाइलवर लिहून एकमेकांना पाठवा. भांडणं भाजीवरून क्वचितच होतात. न बोललेल्या गोष्टींवरून होतात.

पैसे महिन्याचे की पेट्यांचे, हे आधी ठरवा. समजा महिन्याला १,२०० रुपये आणि चार पेट्या ठरल्या, तर पेटी ३०० रुपयांना पडते. पण ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तेव्हा काय? म्हणून पेट्या मोजून पैसे देणं बरं: दहा पेट्यांचे अमुक इतके. गावाला गेलात तर पेटी पुढं सरकते का, आणि किती दिवस आधी सांगायचं? तोडणी आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे होते, त्यामुळं रात्री दहाला "उद्या नको" असा निरोप पाठवणं म्हणजे तोडलेली भाजी त्याच्या गळ्यात मारणं आहे. दोन दिवस आधी सांगावं.

गारपीट झाली, विहीर आटली, तर पैसे परत, की पेट्या पुढच्या हंगामात? दोन्ही चालतं, पण ठरलेलं असावं. पूर्ण हंगामाचे पैसे पहिल्याच वर्षी देऊ नका. शेतकऱ्याला बियाणं, रोपं, मजुरी यासाठी आगाऊ रक्कम लागते हे खरं आहे, आणि ओळख पटल्यावर ती जरूर द्यावी. या व्यवहाराचा अर्धा जीव त्यातच आहे. नव्या माणसानं दोन महिन्यांचे द्यावेत, ते दोघांनाही झेपतं.

शक्य असेल तर एकट्यानं वाटा घेऊ नका. कॉलनीतली आठ-दहा घरं मिळून घ्या. शेतकऱ्याची फेरी वाचते, आणि पेट्या जिथं उतरतात तिथं एक रिकामं टोपलं ठेवता येतं. ज्याला कारलं नको त्यानं ते टोपल्यात टाकायचं आणि दुसऱ्यानं ठेवलेले दोडके उचलायचे. या टोपल्यामुळं निम्म्या कुरबुरी तिथंच मिटतात. चातुर्मासात तर त्याची फारच गरज लागते. बऱ्याच घरांत चंपाषष्ठीपर्यंत वांगं आणि कांदा-लसूण वर्ज्य असतो, आणि पावसाळ्यात वांगी मात्र भरपूर निघतात. तुमच्या घरी पाळत असतील तर शेतकऱ्याला आषाढातच सांगून ठेवा.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष हे वाट्याचे सुखाचे महिने. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, मुळा, गाजर, वाटाणा, वाल, फ्लॉवर, टोमॅटो, सगळं एकदम येतं. लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, याच दिवसांत असते. त्या दिवशीच्या भज्जीसाठी (मिसळीच्या भाजीसाठी) लागणारे तुरीचे आणि हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, चुका, गाजर हे त्या आठवड्याच्या पेटीत आलं की बाजारातल्या गर्दीत शिरावं लागत नाही. आधी सांगितलं तर शेतकरी त्या आठवड्यासाठी शेंगा राखून ठेवतो. पुढं भोगीलाही तसंच.

जूनमध्ये सुरू केलं तर पहिला महिना बहुतेक पालेभाज्यांचा जातो. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते, भेंडीला ४५ ते ५० दिवस लागतात, दोडक्याला त्याहून थोडे जास्त, आणि टोमॅटो रोप लावल्यापासून दोन महिन्यांच्या पुढं. "नुसता पाला पाठवतो" अशी तक्रार जुलैत होते, ती या वेळापत्रकामुळं. फेब्रुवारीत तर नव्यानं शिरूच नका. पुढं ऊन चढतं, पालक कडवट होतो, ३५ अंशांच्या वर टोमॅटोची फुलं गळतात, आणि पेटीत गवार, चवळी, काकडी, भोपळा, कारलं एवढंच फिरत राहतं. जुन्या माणसाला ते चालतं. नव्याचा हिरमोड होतो.

पेटी घरी आल्यावर

पहिली गोष्ट, काहीही धुवू नका. ओली पालेभाजी फ्रिजमध्ये दोन दिवसांत काळी पडते. पेटी उघडून वर्तमानपत्रावर सगळं पसरा, पंख्याखाली अर्धा तास राहू द्या, मग लावायला घ्या. जुडीचा दोरा लगेच सोडा. सडायला सुरुवात दोऱ्याखालीच होते. मुळ्याचा, गाजराचा, बिटाचा पाला कापून वेगळा करा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा मऊ पडतो. हा पाला टाकायचा नाही. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून छान होतो. पालेभाजी कोरड्या सुती कापडात, भेंडी आणि गवार कापडी पिशवीत, कोथिंबिरीच्या काड्या पेल्यातल्या पाण्यात. टोमॅटो आणि भोपळा बाहेरच ठेवा.

मग आठवडा लावा. पहिल्या दिवशी चुका किंवा मेथी, दुसऱ्या दिवशी पालक, तिसऱ्या दिवशी भेंडी-गवार. वांगी, दोडका, कोबी त्यानंतर. दुधी, गाजर, भोपळा सगळ्यात शेवटी. वाटा घेणाऱ्या घरात 'आज काय करायचं' हा प्रश्न फ्रिज उघडून सुटतो, मनात येईल ते करता येत नाही. या शिस्तीची सवय व्हायला महिनाभर जातो.

ओळखीच्या नसलेल्या पाल्याला घाबरू नका. अंबाडी उकडून, पाणी पिळून, ज्वारीच्या कण्या किंवा तांदूळ घालून शिजवा आणि वरून लसणाची खमंग फोडणी द्या. उकडून पिळलेला गोळा फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज टिकतो, त्यामुळं अंबाडी आली की ताण घेऊ नये. करडईचा पाला कोवळा असेल तर बेसन पेरून. चुका तुरीच्या वरणात घातला तर चिंच लागत नाही. गिलक्याची भजी, दोडक्याच्या शिरांची चटणी. आणि काहीच सुचलं नाही तर धपाटे: ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण-मिरची, आणि उरलेला कुठलाही पाला बारीक चिरून. आठवड्याच्या शेवटी पेटीत जे उरतं ते आमच्याकडं धपाट्यांतच जातं.

वाटाणा आणि तुरीचे दाणे जास्त आले तर सोलून डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मेथी आणि गवार कडक उन्हात चांगली वाळते. मराठवाड्यातलं मार्चचं ऊन या कामाला उत्तम.

वाईट आठवडे येणारच

पावसाची झड लागली की काळ्या भारी रानात वाफसा होईपर्यंत पाऊल टाकता येत नाही. चिखलात पाय रुततो, गाडी बांधापर्यंत जात नाही, आणि तोडलेली भाजी मातीनं माखलेली येते. अशा आठवड्यात पेटी अर्धी येईल किंवा दोन दिवस उशिरा येईल. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांना पूर आले तेव्हा कित्येक शेतांतली पिकंच काय, मातीही खरडून गेली. तशा वेळी पेटीचा निरोप विचारण्याआधी माणसाची चौकशी करावी. ज्या घरांनी तेव्हा आगाऊ पैसे परत मागितले नाहीत, त्यांच्याशी शेतकऱ्याचं नातं वेगळंच होतं.

सगळंच मात्र पोटात घालायचं नाही. पाऊस नाही, पाण्याची ओरड नाही, तरी सलग तीन-चार आठवडे वजन घटतंय; जून झालेली, दोरे सुटलेली भेंडी येतेय; शेतात न लावलेली सिमला मिरची अचानक पेटीत दिसतेय. हे प्रश्न विचारण्याचे आहेत. बाजारातून आणून भरलेली भाजी पेटीत घालायला हरकत नाही, पण शेतकऱ्यानं तसं सांगून घालावी. विचारताना मोबाइलवरच्या गटात सगळ्यांसमोर विचारू नका. फोन करा: "दादा, या खेपेला भेंडी जरा जून वाटली, तोडा लांबला का?" भेंडी दिवसाआड तोडावी लागते, मजूर मिळाले नाहीत की ती झाडावरच जून होते. बऱ्याचदा उत्तर इतकं साधं असतं.

हिशेब

आठ-दहा पेट्यांचं वजन आणि त्या दिवशीचा बाजारभाव वहीत लिहा. डिसेंबर-जानेवारीत वाटा बाजारापेक्षा महाग वाटेल, कारण तेव्हा मेथीची जुडी बाजारात मातीमोल भावानं जाते. पितृपक्षात गवार, भेंडी, चमकुरा (अळू) यांचे भाव चढतात, तेव्हा तोच वाटा स्वस्त पडतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोमागं शंभरी ओलांडली होती. ज्यांच्या वाट्यात टोमॅटो होते त्यांना त्याच पैशात मिळाले. म्हणून एका महिन्याच्या भावावरून निर्णय घेऊ नका, पावसाळा आणि हिवाळा असे दोन हंगाम बघा. पैशांची मोठी बचत व्हावी म्हणून वाटा घेणार असाल तर थांबा, ती होत नाही. सकाळी तोडलेली भाजी दुपारी घरात येते, पिकवणारा माणूस ओळखीचा असतो, आणि त्याच्या हातात ठरलेली रक्कम पडते. या तीन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी मला ते योग्य वाटतात.

पुढच्या हंगामाचं आधीच सांगा

वाटा पुढं चालू ठेवायचा असेल तर मे महिन्यातच शेतकऱ्याकडं एक चक्कर मारा. पावसाळी वांगी-मिरचीची रोपं टाकण्याआधी आणि भेंडी-दोडक्याचं बियाणं आणण्याआधी तुमच्या घरांना काय हवं, काय नको, हे त्याला कळलं पाहिजे. "मागच्या खेपेला कारली फार झाली, दोन ओळी कमी लावा, तिथं चवळी लावा" असं मे महिन्यात सांगितलं तर होतं. ऑगस्टात सांगून उपयोग नसतो. परभणी विद्यापीठाच्या 'परभणी क्रांती'सारख्या, केवड्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला) दाद न देणाऱ्या भेंडीचं बी तो वापरतो का, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि वाटा बंद करायचा असेल तर तोही निरोप मे महिन्यातच द्या, म्हणजे तुमच्या नावाचे वाफे तो दुसऱ्या घराला देऊ शकेल.